परवान्याची वेस



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या नागरिकांना उन्हाळ्यातील संध्याकाळी इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान ऐकण्याची सवय लागली आहे. अशा ठिकाणी 'बांधकामाच्या कंत्राटदाराचा परवाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालतो काय?' असा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांनी आज घरीच बसण्याचा विचार केला असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. विषय कोरडा आहे खरा. पण आपण जेथे राहतो तेथे तो दाराशी येऊन उभा आहे. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून बाहेर पाहा. परांच्या, क्रेन आणि अर्धवट स्लॅब ह्यांवाचून एकही स्टेशन जात नाही. जुन्या चाळी उतरत आहेत, सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ही घरे कोण बांधतो, कोणाच्या नावाने बांधतो आणि तो चुकला तर आपण कोणाचे दार ठोठवावयाचे, हा प्रश्न कंत्राटदाराइतकाच आपलाही आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. 'कंत्राटदाराचा परवाना' असे आपण म्हणतो तेव्हा मनात काय असते? अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ह्याचे उत्तर सोपे आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९२९ पासून कंत्राटदारांना परवाना देणारे स्वतंत्र सरकारी मंडळ आहे. अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, जामीनरोखा ठेवावा लागतो, मगच परवाना मिळतो. त्या परवान्यावर शेजारच्या नेव्हाडा राज्यात काम करता येत नाही. तेथला वेगळा काढावा लागतो. मात्र दोन राज्यांमध्ये करार असेल तर धंद्याच्या ज्ञानाची परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही. कायद्याची परीक्षा चुकत नाही. म्हणजे भिंत कशी बांधावी हे एकदा सिद्ध केले की पुरे, पण तेथल्या लोकांशी व्यवहार कसा करावा हे तेथे जाऊन पुन्हा सिद्ध करावे लागते. ही विभागणी ध्यानात ठेवा. आपल्याला पुढे तिचा उपयोग आहे.

आपल्याकडे काय आहे? रिक्षा चालवावयाची तर परवाना हवा. औषधांचे दुकान काढावयाचे तर परवाना हवा. पण एखाद्या गृहस्थाला सात मजली इमारत बांधून देण्याचे कंत्राट घ्यावयाचे असेल, तर त्याने अमुक परीक्षा दिलीच पाहिजे असा दंडक नाही. काल सिमेंटचा व्यापार करणारा आज कंत्राटदार होऊ शकतो. जे कागद आपल्याकडे 'परवाना' ह्या एकाच नावाखाली फिरतात ते वस्तुतः तीन निरनिराळे कागद आहेत, आणि प्रत्येकाची वेस निरनिराळी आहे.

पहिला कागद सरकारी कामांच्या नोंदणीचा. राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करते. कोणत्या वर्गाच्या माणसाने किती रकमेपर्यंतचे काम घ्यावे हे त्यावरून ठरते. हा कागद त्या खात्याच्या दारात चालतो. शेजारच्या राज्याचे खाते आपली यादी आपण करते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची यादी वेगळी, लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेची वेगळी. खाजगी इमारतीचे काम करणाऱ्याला ह्यांपैकी कशाचीच सक्ती नाही.

दुसरा कागद तंत्रज्ञाचा. नकाशा करणारा, बांधकामाच्या मजबुतीचा हिशेब मांडणारा आणि कामावर देखरेख ठेवणारा अशी माणसे पात्र असावी लागतात. ह्यांत वास्तुविशारदाचे भाग्य मोठे. १९७२ च्या कायद्याने त्याची नोंदणी अखिल भारताची झाली. ठाण्यातला वास्तुविशारद सुरतेत किंवा बेळगावात त्याच नोंदणीवर वास्तुविशारद म्हणवून घेऊ शकतो. अभियंत्यासाठी असा देशव्यापी कायदा नाही. पर्यवेक्षकासाठीही नाही. त्यांना स्थानिक नियमावलीप्रमाणे परवाना मिळतो, आणि महाराष्ट्राच्या नियमावलीखालचा परवाना महाराष्ट्राच्या वेशीबाहेर कागदच ठरतो. एकाच इमारतीवर एकाच वेळी उभ्या असलेल्या दोन तज्ज्ञांपैकी एकाची सही देशभर चालते, दुसऱ्याची वेशीशी थांबते!

तिसरा कागद मजुरांचा. दुसऱ्याच्या कामावर मजूर पुरवणाऱ्या किंवा लावणाऱ्या कंत्राटदाराला हा परवाना लागतो. आजचा माझा खरा विषय हा तिसरा कागद आहे, कारण राज्याच्या वेशीचा प्रश्न त्यातच माणसाच्या पोटाशी येऊन भिडतो.

हा प्रश्न ह्या भागात नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपण शाळेत शिकलो. तो रस्ता बांधण्याचे कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर ह्या इंग्रज कंत्राटदारांचे होते. पुढे फॅव्हिएलसाहेबाने बोरघाटाचे अवघड काम घेतले. तेथे मजूर हजारोंच्या संख्येने दूरदूरच्या मुलखांतून आणलेले होते. साहेब आणि मजूर ह्यांच्यामध्ये पोटकंत्राटदार आणि मुकादम ह्यांची उतरंड होती. मजुरी वेळेवर आणि पुरती हातात पडेना, म्हणून जानेवारी १८५९ मध्ये घाटात मोठा दंगा उसळला. त्याची चौकशी झाली, आणि १८६० मध्ये मालक व मजूर ह्यांच्या तंट्यांचा कायदा आला. फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि महिन्याभरातच वारला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट अंगावर घेतले आणि १८६३ मध्ये घाटाचा मार्ग सुरू झाला. ह्या बाईंचे धैर्य खरोखर मोठे आणि त्यांचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. पण त्याच घाटात पटकीने आणि सुरुंगांनी जे मजूर मेले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या गावी निरोप कोणी पोचवला असेल? कंत्राटदाराचे नाव कागदावर राहते आणि मजुराचे राहत नाही, हे आपल्या बांधकामाच्या धंद्याचे फार जुने लक्षण आहे.

ते लक्षण बदलावे म्हणून स्वतंत्र भारतात एक मोठा प्रयत्न झाला. ओरिसात 'दादन' नावाची रीत होती. मुकादम गावात येऊन उचल देई आणि माणसांना परमुलखात कामाला घेऊन जाई. तेथे गेल्यावर कामाचे तास किती, मजुरी किती, परत कधी, ह्याला धरबंध नसे. त्या राज्याने १९७५ मध्ये ह्यावर कायदा केला. पण ओरिसाचा कायदा ओरिसाच्या वेशीपर्यंत! पलीकडे तो मुकादमाला हात लावू शकेना. म्हणून १९७९ मध्ये संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला.

त्या कायद्याची एक कल्पना मला फार आवडते. कंत्राटदाराने दोन परवाने काढावयाचे: माणसे जेथून न्यावयाची त्या राज्यात एक आणि माणसे जेथे लावावयाची त्या राज्यात एक. पाच किंवा अधिक माणसे असली की कायदा लागू. प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक. त्यात मजुरी किती, भत्ता किती, परतीचे भाडे किती हे लिहिलेले. घर सोडून आल्याबद्दल महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे, राहावयास जागा. आणि एक कलम तर असे, की मजूर अपघातात मेला किंवा जबर जखमी झाला, तर कंत्राटदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्या माणसांना कळवावे. बोरघाटात जे घडले नाही ते येथे कायद्याने सांगितले. दोन परवाने म्हणजे नुसता दुप्पट त्रास नव्हे. माणूस निघाला हे एका राज्याने लिहून ठेवावयाचे, पोचला हे दुसऱ्याने. आपण मुलीला परगावी पाठवतो तेव्हा निघताना आणि पोचल्यावर अशी दोन वेळा खबर घेतोच की नाही?

पण झाले काय? दोन कुलपे लावली आणि लोक खिडकीतून जाऊ लागले. कायदा फक्त कंत्राटदाराने गावाहून भरती केलेल्या मजुराला लागू होता. तेव्हा कंत्राटदार म्हणे, 'हा माणूस मी आणला नाही. हा आपण होऊन आला आणि माझ्या फाटकाशी उभा राहिला.' झाले, परवान्याची गरज संपली! तो खरोखर कसा आला हे त्याच्या गावातला मुकादम सांगू शकला असता, पण मुकादमाला विचारणार कोण?

ह्याचा हिशेब मार्च २०२० मध्ये झाला. टाळेबंदी लागली आणि ठाणे, भिवंडी, शहापूर ह्या वाटेने डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे कसाऱ्याच्या घाटाकडे चालू लागली. आपल्यापैकी कित्येकांनी ती पाहिली, काहींनी त्यांना भाकरी आणि पाणी दिले. त्या वेळी सरकारजवळ त्यांची यादी असावयास हवी होती. कायदा ४० वर्षांचा होता. यादी नव्हती. वाटेत किती मेले ह्याची माहिती ठेवलेली नाही, असे सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदारांची आणि मजुरांची नोंदणी पुरी करण्याचा आदेश दिला. कायदा होता त्याप्रमाणे वागा, एवढे सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले.

आता नवे पर्व सुरू झाले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता अंमलात आली आणि १९७९ चा कायदा तिच्यात विलीन झाला. आजच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. अनेक राज्यांत किंवा देशभर मजूर लावणाऱ्या कंत्राटदाराला एकच परवाना घेता येईल. त्याची मुदत ५ वर्षे. म्हणजे ह्या तिसऱ्या कागदाची वेस गेली.

मी ह्याच्या विरुद्ध आहे असे समजू नका. एकाच कंपनीने प्रत्येक राज्यात त्याच त्या कागदांची चळत देत बसावे ह्यात कोणाचेही कल्याण नाही. प्रामाणिक कंत्राटदार ह्या चळतीखाली दबतो आणि लबाड तिला वळसा घालून जातो, हे आपण ४० वर्षे पाहिले. नव्या संहितेत आणखीही एक चांगली गोष्ट झाली आहे. आपण होऊन आलेला मजूरही आता 'स्थलांतरित' ठरतो, तेव्हा फाटकाशी उभा असल्याची सबब उरली नाही. पण दोन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी. कंत्राटी मजुरांचे हे प्रकरण ५० किंवा अधिक मजूर लावणाऱ्या कंत्राटदाराला लागू आहे. आपल्या सोसायटीच्या सात मजली इमारतीवर एका छपराखाली किती कंत्राटदार असतात? सेंट्रिंगचा निराळा, सळया बांधणारा निराळा, गवंडीकामाचा, लाद्यांचा, नळकामाचा निराळा. प्रत्येकाजवळ पंधरा-वीस माणसे. सळयांची टोळी बंगालमधली, नळकामवाला ओरिसाच्या केंद्रपाड्याचा, लाद्या बसवणारा राजस्थानचा. ह्यांतल्या कोणालाही परवाना नको. बोरघाटातला मुकादम होता तेथेच राहिला.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. कंत्राटदाराचा परवाना वेस ओलांडतो, पण मजुराचे कार्ड ओलांडते काय? १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर सुरू झाला. तो अखेर आपण घराच्या किमतीतच भरतो. त्यातून बांधकाम मजुरांना आजारपणात, बाळंतपणात, मुलांच्या शिक्षणात आणि अपघातात साहाय्य करावयाचे. त्यासाठी महाराष्ट्रात २०११ पासून कल्याणकारी मंडळ आहे. पण ही मंडळे राज्याराज्यांची. नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. आता समजा, मालदा जिल्ह्यातला एक गवंडी आहे. त्याने ठाण्यात चार महिने काम केले, नोंदणी केली, आणि कंत्राटदाराने त्याला सुरतेच्या कामावर हलवले. कंत्राटदार सुरतेत कंत्राटदारच राहिला. गवंडी मात्र तेथे नवखा झाला. पुन्हा ९० दिवस, पुन्हा दाखला. ९० दिवस भरत येतात तोवर काम संपते. ह्या मनुष्याच्या घामातून उपकर ठाण्यातही जमला आणि सुरतेतही जमला, पण तो आजारी पडला तेव्हा दोन्हीकडचे दार त्याला परके.

हे काल्पनिक दुःख आहे असे कोणी म्हणू नये. १ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० माणसे गेली. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तमिळनाडू अशा दूरच्या राज्यांतली माणसे होती. त्यानंतर दीड महिनाही झाला नाही तोच, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकूम येथे ४० मजली इमारतीची लिफ्ट कोसळली आणि ७ मजूर गेले. अशा वेळी पहिला प्रश्न 'भरपाई किती' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हा कोण? कुठला? ह्याच्या घरी कोणाला कळवायचे?' ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही त्याचे कुटुंब भरपाई मागावयास कोणत्या कागदावर येणार?

नव्या संहितेने ही उणीव ओळखलेली आहे. स्थलांतरित बांधकाम मजुराला तो ज्या राज्यात काम करतो तेथल्या उपकराच्या निधीतून लाभ मिळावा अशी योजना सरकारने करावी, असे तिचे कलम सांगते. म्हणजे परवाना वेस ओलांडील हे कलम आणि लाभ वेस ओलांडील हे कलम, दोन्ही एकाच कायद्यात आहेत. फरक एवढाच की परवान्याची निकड कंत्राटदाराला आहे, आणि कचेरीत खेपा घालण्यासाठी त्याच्याजवळ वकील आणि कारकून आहेत. लाभाची निकड ज्याला आहे त्याच्याजवळ एका दिवसाचा खाडा करण्याइतकेही पैसे नाहीत. पहिले कलम आपोआप चालेल. दुसरे कोणीतरी चालवावे लागेल. आणि हे अशक्य आहे असे म्हणता यावयाचे नाही. रेशनकार्ड हा आपल्याकडचा सगळ्यांत हट्टी कागद. पण २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात ह्या दोन राज्यांत एकमेकांची कार्डे चालू लागली आणि आता ती देशभर चालतात. तांदळाने वेस ओलांडली, मग औषधपाण्याने का ओलांडू नये?

ह्यावर कोणी म्हणेल, 'देशभर एकच नोंद झाली की सगळे सुरळीत होईल.' कल्याण-डोंबिवलीकरांनी तरी असे म्हणू नये. महापालिकेच्या बांधकाम परवानगीचे खोटे कागद महारेराकडे दाखल करून ६५ इमारतींनी नोंदणी क्रमांक मिळवले. लोकांनी क्रमांक पाहून आयुष्याची पुंजी ओतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. क्रमांक खरा होता, त्याच्यामागची परवानगी खोटी होती. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीत गेला, पण 'हा तुमचाच काय?' असे उलटून विचारणे झाले नाही. कागदाने वेस ओलांडावी, पण त्याच्यामागून चौकशीनेही ओलांडली पाहिजे. कॅलिफोर्नियाची गोष्ट मी ह्यासाठी सांगितली. कसब एकदा तपासावे आणि देशभर मानावे. वागणूक मात्र जेथे काम चालू आहे तेथेच तपासावी लागते. दिल्लीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कचेरीतून दिलेला परवाना डोंबिवलीच्या परांचीवरची सैल गाठ पाहू शकत नाही.

मग ती कोणी पाहावयाची? अधिकाऱ्यांनी तर पाहावयाचीच. पण आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या पुनर्विकासाच्या करारावर सही करणार आहेत. आपण त्या करारात काय काय मागतो? चौरस फूट मागतो, गाड्या ठेवण्याची जागा मागतो, भाडे मागतो, कोपऱ्याची खोली मागतो. त्याच करारात आणखी चार ओळी घालाव्यात. कामावरच्या प्रत्येक मजुराचे नाव, गाव आणि घरच्या माणसाचा पत्ता असलेली वही कामाच्या जागी ठेवावी आणि पोटकंत्राटदारांची माणसेही तीत असावीत. उपकर भरल्याची पावती सोसायटीला दाखवावी. मजुरांची मंडळाकडे नोंदणी करून द्यावी, आणि ९० दिवस भरताच मागितल्यावाचून दाखला द्यावा. ह्या चार ओळींनी आपले एक चौरस फूटही कमी होत नाही. शिवाय ह्यात आपला स्वार्थही आहे. जो बांधणारा आपल्या माणसांची नावे लिहावयास तयार नाही, तो सळया किती घातल्या हे खरे लिहील अशी आशा आपण कशावर धरावी?

शेवटी एवढेच सांगतो. कंत्राटदाराचा परवाना राज्याच्या वेशीबाहेर चालतो काय, ह्या प्रश्नाला कायद्याचे आजचे उत्तर 'एका कागदापुरते हो' असे आहे, आणि ते चांगलेच आहे. पण परवाना म्हणजे सरकारने दिलेली परवानगी. परवानगीबरोबर जबाबदारी येते. परवानगी सीमा ओलांडून गेली आणि जबाबदारी अलीकडेच राहिली, तर १८५९ च्या घाटात आणि आजच्या ठाण्यात फरक तो काय राहिला? पुढच्या महिन्यात आपल्यापैकी कोणाच्या नव्या घराचा स्लॅब पडेल, पेढे वाटले जातील. त्या दिवशी पेढा देताना एकदा त्या माणसाला त्याचे नाव आणि गाव विचारावे, आणि ते वहीत आहे की नाही हे पाहून यावे, एवढीच माझी विनंती आहे.